वाशीच्या वर्गात चार्ल्स्टनचे कस्टम हाउस

वाशी स्थानकाजवळच्या एका खासगी अभ्यासवर्गाने नोकरदारांसाठी शनिवारी संध्याकाळी चालवलेली अमेरिकेच्या आरंभकाळावरील व्याख्यानमाला नुकतीच संपली. राज्ये आणि केंद्र यांच्यात आयातशुल्कावरून जे भांडण झाले, त्यावरील व्याख्यानांसाठी तरी ही माला शुल्क भरून ऐकण्याजोगी आहे, असे माझे मत झाले. श्रोत्यांत न्हावा शेवा बंदरात सीमाशुल्काचे सोपस्कार करून माल सोडवण्याच्या (क्लिअरिंग) व्यवसायातील मंडळी बरीच होती, मीही त्यांपैकीच. त्यामुळे ड्यूटी नेमकी कोण, कुठे आणि कशी वसूल करतो, हे धरूनच इतिहास सांगण्याची व्याख्यात्यांची रीत आम्हाला विशेष भावली.

सुरुवात त्यांनी १७८१ पासून केली. आयात मालावर पाच टक्के शुल्क लावण्याची परवानगी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या केंद्रीय प्रतिनिधिसभेने, राज्यांकडे मागितली, परंतु त्या वेळच्या करारानुसार सर्व राज्यांची संमती आवश्यक असल्याने एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने बेत फसला. १७८३ चा दुसरा प्रस्ताव पुढे न्यू यॉर्कने अडवला, कारण स्वतःच्या बंदराचे उत्पन्न त्या राज्याला सोडवत नव्हते. नव्या संविधानाने आयातशुल्काचा अधिकार काँग्रेसला दिला आणि राज्यांना, तपासणीच्या कायद्यांसाठी अगदी आवश्यक तेवढी आकारणी वगळता, काँग्रेसच्या संमतीशिवाय असे शुल्क लावण्यास मनाई केली. ही दोन्ही कलमे मराठीत टंकित करून प्रत्येकाच्या हाती दिली होती, ही सोय उत्तम. एका निवृत्त गृहस्थांनी मुलुंड चेकनाक्यावरच्या जकातीच्या रांगांची आठवण काढली, तेव्हा सरांनी स्पष्ट केले की, जकात आपल्याकडे राज्यसूचीतील विषय होती, सीमाशुल्क मात्र संघसूचीतच आहे. तोच धागा पकडून ते १८२७ च्या ब्राउन विरुद्ध मेरीलँड खटल्याकडे वळले: आयातदाराने पन्नास डॉलरचा परवाना घ्यावा, ही मेरीलँडची अट न्यायालयाने रद्द केली, कारण आयातदाराच्या ताब्यात मूळ वेष्टनात असलेल्या मालावर राज्याला कर लावता येणार नव्हता.

मालेचा खरा कस १८२८ ते १८३३ या काळाच्या मांडणीत लागला. १८२८ च्या चढ्या दरांमुळे कापूस विकून परदेशी माल घेणारा दक्षिण भाग संतापला आणि उपराष्ट्राध्यक्ष कॅल्हून यांनी निनावी राहून, केंद्राचा कायदा राज्याला आपल्या हद्दीत रद्द ठरवता येतो, हा राज्याच्या नकाराधिकाराचा सिद्धान्त मांडला, हे त्यांनी थोडक्यात सांगितले. साउथ कॅरोलायनाने २४ नोव्हेंबर १८३२ रोजी १८२८ आणि १८३२ चे शुल्ककायदे आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवून १ फेब्रुवारी १८३३ पासून वसुली थांबवण्याचे जाहीर केले, तेथून मात्र वर्ग रंगला. “सर, ड्यूटी भरलीच नाही तर माल सुटणार कसा?” असे मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले, तेव्हा सरांनी फळ्यावर साउथ कॅरोलायनातील चार्ल्स्टनचे बंदर काढले. त्या काळी आयातदार बहुधा रोख न भरता बाँड, म्हणजे हमीपत्र, लिहून देत आणि माल नेत. रक्कम पुढे मुदतीने भरायची. राज्याच्या नव्या कायद्यामुळे अडवलेला माल राज्याच्याच न्यायालयातून सोडवून घेण्याची वाट मिळाली असती, म्हणजे बंदरावर शुल्क वसूल करणारा केंद्राचा अधिकारी, कलेक्टर, एकटा पडला असता. यावर राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांची योजना अशी होती की, कस्टम हाउस, म्हणजे शुल्कवसुलीची कचेरी, शहरातून हलवून बंदरातील किल्ल्यात किंवा जहाजावर न्यायचे, शुल्क रोख घ्यायचे आणि ते मिळेपर्यंत माल ताब्यात ठेवायचा. ही तरतूद असलेला बळाचा कायदा आणि सारे चढे दर टप्प्याटप्प्याने १८४२ पर्यंत वीस टक्क्यांवर आणणारा सिनेटर क्ले यांचा तडजोडीचा कायदा, अशा दोन्हींवर २ मार्च १८३३ या एकाच दिवशी सह्या झाल्या. साउथ कॅरोलायनाने ठराव मागे घेतला खरा, पण जाता जाता बळाचा कायदा आपल्यापुरता रद्द ठरवला. यावर वर्गात हशा पिकला.

उणीव सांगायची तर वेबस्टर आणि हेन या सिनेटरांच्या, केंद्र आणि राज्यांच्या अधिकारांवरील १८३० च्या वादविवादावर जवळपास तासभर गेला आणि गुलामगिरीला शेवटची काही मिनिटे उरली. ज्या राज्यात निम्म्याहून अधिक लोक गुलाम होते आणि जिथे खुद्द कॅल्हून यांनी १८३० च्या एका खासगी पत्रात आयातशुल्क हे खऱ्या कारणापेक्षा निमित्त असल्याचे लिहिले होते, तेथील भांडण केवळ दरांचे म्हणून सांगणे मला अपुरे वाटले. आज जर केंद्राचा हात दरापर्यंत पोहोचला, तर उद्या तो गुलामगिरीपर्यंत पोहोचेल, ही मळेवाल्यांची धास्ती पहिल्याच तासाला यायला हवी होती. पुढील तुकडीत हे बदलल्यास माझी तक्रार उरणार नाही.

खोली अपुरी असून वातानुकूलन यंत्राच्या आवाजात मागच्या रांगेपर्यंत शब्द नीट पोहोचत नाहीत, म्हणून लवकर जाऊन पुढे बसावे. गैरहजर राहणाऱ्यांना ध्वनिमुद्रण मिळते, परंतु त्यात फळा दिसत नसल्याने चार्ल्स्टनचे व्याख्यान तरी प्रत्यक्ष बसूनच ऐकावे.