पेठेतलं चायनीज: वरचं एसी हॉटेल का कोपऱ्यावरचा गाडा?

माझा मावसभाऊ नुकताच आमच्या पेठेत राहायला आलाय आणि या रविवारी त्याच्या पोराचा वाढदिवस आहे. पोरगं म्हणतंय चायनीजच पाहिजे, माणसं बारा, त्यात मावशी, दोन लहान पोरं आणि एक पक्की शाकाहारी वहिनी. तर त्यानं गल्लीत चार जणांना विचारलं, दोघं म्हणाले वरच्या मजल्यावरचं एसी हॉटेल लई भारी, तिसरा म्हणाला तिथं चुकून पण जाऊ नको, आणि चौथा म्हणाला कोपऱ्यावरच्या गाड्यासारखं कुठंच मिळत नाही. मग रात्री साडेदहाला मला फोन, दादा नक्की करू काय.

मी दोन्हीकडं गेली पाच-सहा वर्षं खातोय, हॉटेलात महिन्यातून एकदा घरच्यांबरोबर आणि गाड्यावर जवळजवळ दर आठवड्याला. माझ्या मते ही चारही माणसं खरं बोलतायत, फक्त प्रत्येकजण वेगळ्या वेळी गेला आणि वेगळं काहीतरी मागवून आला.

हॉटेलात बुधवारी संध्याकाळी साडेसातला जा. चार टेबलं भरलेली असतात, मंचाव सूप वाफाळतं येतं, वरच्या तळलेल्या नूडल्स वेगळ्या वाटीत, शेजवान राईसचं शीत न शीत मोकळं. तेच हॉटेल रविवारी रात्री नऊला. जिन्यावर लोक उभे, आत पोरांचा गोंधळ, ऑर्डर यायला चाळीस मिनिटं, आणि आला तो राईस ओलसर, खाली तेल सुटलेलं, कोबी शिजून मऊ झालेला. शेजारच्या काकांनी रविवारचं खाल्लंय आणि माझ्या बहिणीनं बुधवारचं, आता दोघांचं पटणार कसं?

याचं कारण मला गाड्यापाशी उभं राहून समजलं. आमचा गाडेवाला एका वेळी एकच प्लेट करतो, जास्तीत जास्त दोन. शेगडी फर्रर्र आवाज करत पेटलेली, कढईतनं धूर निघायला लागला की तेल, लसूण, लगेच मूठभर कोबी-गाजर, एका हातानं अंडं फोडतो, मग भात, आणि कढई पुढं ढकलून मागं असा झटका देतो की सगळा भात हवेत उडून परत आत पडतो आणि त्या क्षणात जाळ कढईच्या काठावरनं आत शिरतो. सोया सॉस कधी भातावर ओतत नाही, कडेनं तापलेल्या लोखंडावर सोडतो, चर्रर्र होतं आणि तो जरा करपट वास भातात उतरतो. चायनीजची सगळी चव त्या वासात आहे. हे व्हायला जाळ मोठा पाहिजे आणि माल थोडा पाहिजे. हॉटेलात गर्दीच्या वेळी एकाच कढईत पाच-सहा प्लेटांचा भात एकदम पडतो, मग कढई थंड होते, भाज्यांचं पाणी उडून जायच्या ऐवजी आतच राहतं आणि भात परतला जाण्याऐवजी वाफवला जातो. आचारी तोच, मसाला तोच, पण गर्दीनं चव जाते. म्हणून कुठं जायचं यापेक्षा कधी जायचं हे आधी ठरवा, असं मी भावाला पहिलंच सांगितलं.

आता गाड्याची दुसरी बाजू, आणि इथं मी जरा लांबण लावणार आहे कारण पोरांच्या पोटाचा विषय आहे. फ्राईड राईसला भात आधी शिजवून गार केलेलाच लागतो, गरम भात कढईत चिकटतो, त्यामुळं दुपारीच भात शिजवून ठेवतात यात वावगं काही नाही. प्रश्न आहे तो भात नंतर कुठं असतो याचा. कच्च्या तांदळात एका प्रकारच्या जिवाणूंचे बीजाणू असतात, बॅसिलस सेरियस म्हणतात त्याला, ते शिजवताना मरत नाहीत आणि भात तासन्तास कोमट राहिला की वाढतात आणि विष तयार करतात. ते विष नंतर कितीही मोठ्या जाळावर परतलं तरी जात नाही. तीन वर्षांमागं मे महिन्यात एका गाड्यावर (आमचा नव्हे, दुसराच) रात्री अकराला खाल्लं आणि पहाटेपर्यंत माझा पुतण्या उलट्या करत होता. भातानंच झालं का हे छातीठोक सांगता येणार नाही, पण त्या दिवसापासनं मी उन्हाळ्यात उशिरा रात्री गाड्यावर राईस घेत नाही, नूडल्स पण तेव्हाच घेतो जेव्हा टोपल्यातला माल संपत आलेला नसतो. सात ते नऊ, माल ताजा असतो. हॉटेलात फ्रिज आहे ही मोठी जमेची बाजू, पण आत काय चालतंय ते दिसत नाही. गाड्यावर सगळं डोळ्यांसमोर.

तेलाचं पण तसंच. चिकन लॉलीपॉप तळायची कढई बघायची, तेल काळं पडलंय, फेस धरतंय, टाकायच्या आधीच धूर येतोय, तर त्या दिवशी ड्राय काही मागवू नका. वापरलेल्या तेलासाठी एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१८ पासनं मर्यादा घातलीय, पोलर कंपाऊंड (तेल परत परत तापवून खराब झालं की त्यात तयार होणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, पण ते मोजायचं यंत्र आपल्या खिशात नसतं, डोळे आणि नाक असतं. आणि रंग. भडक लाल मंचुरियन बघून पोरं खुळी होतात. कर्नाटक सरकारनं मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी घातली, निपाणीच्या पलीकडं ही गोष्ट झाली म्हणजे आपल्यापासनं काय लांब नाही. आमचा गाडेवाला ब्याडगी मिरची गरम पाण्यात भिजवून लसणाबरोबर वाटून शेजवान चटणी स्वतः करतो, तिचा रंग गडद विटकरी असतो. हॉटेलातलं चिकन चिली मात्र टिश्यूला लालभडक डाग पाडतं, दोनदा बघितलंय. हे मला आवडत नाही आणि काउंटरवर सांगितलंय पण.

तिखटाचं म्हणाल तर हॉटेलातलं बऱ्याच जणांना गोडसर लागतं. तांबडा रस्सा पिणाऱ्या माणसाला सॉसचा गोडवा झेपत नाही. पण माझी पुण्याची मामी तेच खाऊन खूश झाली, तिला गाड्यावरचं ट्रिपल शेजवान खाल्ल्यावर ठसका लागला होता. वेटरला तिखट पाहिजे असं नुसतं सांगू नका, लिहून घ्या म्हणावं, नाहीतर ते आत पोचतच नाही. आणि कुणी हे खरं चायनीज नाही म्हणून नाक मुरडत असेल तर त्यात काय दम नाही, मंचुरियन मुंबईतच जन्मलं, नेल्सन वँग या कोलकात्याच्या आचाऱ्यानं १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लबात पहिल्यांदा केलं असं सांगतात. आपलंच आहे ते.

अजिनोमोटोबद्दल मावशी घाबरलीय म्हणून तेवढं सांगतो. १९०८ साली जपानमध्ये इकेडा नावाच्या शास्त्रज्ञानं समुद्री शेवाळापासनं ते वेगळं केलं, टोमॅटोत आणि सोया सॉसमध्ये पण तोच घटक आपसूक असतो. मोठ्या माणसाला थोड्या प्रमाणात त्यानं काय होत नाही, वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र देऊ नये. नंतर जी तहान लागते त्यात मिठाचा आणि सोया सॉसचा वाटा मोठा आहे, मावशीचं बीपी बघता तिला सूप अर्धंच द्या.

वहिनीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गेल्या श्रावणात त्याच हॉटेलात माझ्या बायकोच्या व्हेज हक्का नूडल्समध्ये चिकनचा तुकडा निघाला. मॅनेजरनं माफी मागितली, प्लेट बदलली, बिलातनं काढली, सगळं केलं, पण ती परत जेवली नाही आणि मला फार वाईट वाटलं, कारण मीच तिला आग्रह करून नेलं होतं. एका हॉटेलात इतकी व्हेज-नॉनव्हेज गिऱ्हाईकं असताना कढई आणि पळी वेगळी ठेवायला काय अवघड आहे? गाड्यावर तर कढई एकच, मध्ये पाणी मारून काथ्यानं खरवडतात, तेवढंच. पक्कं व्हेज पाळणाऱ्यानं गाड्यावर जाऊच नये, आणि हॉटेलात जायचं तर आधी फोन करून कढई वेगळी आहे का ते स्पष्ट विचारावं.

पैशाचं सोपं आहे. गाड्यावर हाफ राईस सत्तरच्या आसपास आणि हाफमध्ये एका माणसाचं भागतं, हॉटेलात त्याच्या तिप्पट लागतात, वर पाच टक्के जीएसटी. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो द्यायची सक्ती नाही, मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं पण तसंच सांगितलंय, शांतपणे काढायला सांगा. पार्सल कुठलंही घ्या, क्रिस्पी काही नेऊ नका, डब्यात वाफ धरून पाच मिनिटांत लगदा होतो. ग्रेव्ही आणि राईस न्या, नूडल्स वेगळ्या पिशवीत मागा.

तर भावाला मी सांगितलं असं की बारा माणसं, त्यात मावशीचे गुडघे, गाड्याच्या प्लास्टिक स्टुलावर ती बसणार नाही आणि पावसाचा पण नेम नाही, म्हणजे हॉटेलच. पण रविवारी नऊला नको, पावणेसातला टेबल बुक कर, साडेआठपर्यंत केक कापून मोकळं व्हा. वहिनीचं व्हेज सगळ्यात आधी, कढई धुवून करायला सांग, ते आलं की मग नॉनव्हेजची ऑर्डर दे. राईस एकदम सहा प्लेट सांगू नको, दोन-दोन करून मागव, जरा वेळ लागू दे. लॉलीपॉप तिथं घेऊ नको. पोराला लॉलीपॉपच हवंय ना, तर शनिवारी संध्याकाळी सातला माझ्याबरोबर कोपऱ्यावर घेऊन ये, उभ्या उभ्या गरम खाऊ दे त्याला.