शंका विचारणाऱ्या मैत्रिणीला आणि भावाला सोबत घेऊन केलेला अल्फा अभ्यासक्रम

ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसावर आपला विश्वास समजावून सांगण्याची वेळ बहुधा अवचित येते. डबा खाताना किंवा लग्नाच्या पंगतीत कोणीतरी सहज विचारते आणि आपण लहानपणापासून पाठ असलेली वाक्ये म्हणू लागतो. माझे असे अनेकदा झाले होते. त्यामुळे आमच्या पुण्यातील मंडळीने, म्हणजे चर्चने, ख्रिस्ती विश्वासाची ओळख करून देणारा अल्फा अभ्यासक्रम जाहीर केला, तेव्हा बँकेत नोकरी करणारी माझी जुनी मैत्रीण आणि चर्चला येणे सोडलेला माझा थोरला भाऊ, अशा दोघांनाही मी आग्रहाने बोलावले.

हा अभ्यासक्रम लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या चर्चमध्ये १९७७ साली सुरू झाला. पूर्वी बॅरिस्टर असलेले निकी गंबेल यांनी १९९० मध्ये त्याची सूत्रे हाती घेतल्यावर तो मुख्यतः चर्चबाहेरच्या, शंका असलेल्या लोकांसाठी घडवला गेला. साधारण दहा-अकरा आठवडे, आठवड्यातून एक संध्याकाळ, आधी एकत्र जेवण, मग एक व्याख्यान किंवा चित्रफीत आणि शेवटी लहान गटात चर्चा, असे त्याचे स्वरूप आहे. शुल्क काहीही नाही.

मला सर्वांत मोलाची वाटली ती गटातील चर्चेची शिस्त. गट चालवणाऱ्याने उत्तर देण्याची घाई करायची नाही, आलेल्या माणसाला दुरुस्त करायचे नाही आणि त्याचा प्रश्न पुरता ऐकून घ्यायचा, हे तेथे खरोखर पाळले जाते. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी पापातून सुटका या अर्थाने ‘तारण’ हा शब्द उच्चारला, तेव्हा माझी मैत्रीण प्रामाणिकपणे म्हणाली, “अगं, तारण म्हणजे आम्ही कर्जासाठी घर नाहीतर सोने ठेवून घेतो तेच ना?” मी लगेच खुलासा करू लागले होते, पण गटप्रमुख ताईंनी हातानेच मला थांबवले आणि तिला पुढे बोलू दिले. कर्ज फिटले की तारण मोकळे होते, असे ती सांगत गेली आणि बोलता बोलता कोणाचे कर्ज कोणी फेडले, या प्रश्नापर्यंत स्वतःच येऊन पोहोचली. तारण, पाप, साक्ष, वधस्तंभ हे शब्द आपण इतक्या सवयीने वापरतो की ऐकणाऱ्याला त्यातून काय कळते, हे विचारण्याचे आपल्याला सुचतच नाही.

अभ्यासक्रमाची मोठी उणीव अशी की त्यातील प्रश्न मुळात लंडनच्या श्रोत्यांचे आहेत. येशू खरोखर होऊन गेला का, हे पटवण्यात चित्रफितीचा बराच वेळ जातो. परंतु माझ्या मैत्रिणीला त्याविषयी मुळीच शंका नव्हती. येशूला संत म्हणून हात जोडायला ती आनंदाने तयार होती. सगळे देव एकच असतील तर येशूच का, आणि तुमच्या पणजोबांनी धर्म का बदलला, हे तिचे प्रश्न होते आणि त्यांवर चित्रफितीत काहीच नव्हते. अशा वेळी मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण कामी आली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापर्यंत आलो असे म्हटले होते, आणि लक्ष्मीबाई तर पतीच्या धर्मांतराने खचून गेल्या असूनही स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळी त्या निर्णयाला पोहोचल्या. मराठी गटांसाठी अशा चरित्रांवर एक संध्याकाळ राखून ठेवणे आवश्यक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी तक्रार आमच्या आयोजनाविषयी आहे. चतुर्थीच्या दिवशी अंडा पुलाव केला गेला आणि उपवास असलेली मैत्रीण केवळ केळे खाऊन बसली. आधी फक्त विचारले असते तरी पुरे होते. अभ्यासक्रमातील पवित्र आत्म्याविषयीच्या निवासी शिबिरातही प्रार्थनेच्या वेळी नव्या माणसांना पुढे येण्याचा फार आग्रह झाला, आणि इतक्या आठवड्यांत जमलेला मोकळेपणा त्या एका तासात आकसला. ज्यांना शंका आहेत, त्यांना या शिबिराची पूर्ण कल्पना आधीच द्यावी.

देव आजही बरे करतो का, या विषयाच्या संध्याकाळी दादा प्रथमच बोलला. आईसाठी आम्ही सर्वांनी अखेरपर्यंत प्रार्थना केली होती. मग ती का ऐकली गेली नाही, असे त्याने विचारले. गटप्रमुख ताई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “भाऊ, मला याचे उत्तर माहीत नाही. आईंविषयी सांगाल का?” दादा सांगत राहिला आणि ठरलेली वेळ संपून गेली तरी कोणी घड्याळ पाहिले नाही. नंतर तो स्वयंपाकघरात ताटे धुवायला थांबला, आणि पुढच्या आठवड्यात मी फोन करण्याआधीच त्याने विचारले, “आज किती वाजता निघायचे?”