ॲडसेन्स: द्राक्ष सल्लागाराच्या ब्लॉगला परवडतं का?

निकाल आधीच सांगून टाकते, घाईत असाल तर इथेच थांबा. गूगल ॲडसेन्स (आपल्या ब्लॉगवर जाहिराती दाखवून त्याचे पैसे देणारी गूगलची सेवा) जे कबूल करतं ते करतं. पैसे ठरल्या वेळी येतात, हिशेब स्वच्छ दिसतो. पण ज्याचा लेख वाचून शेतकरी उद्या सकाळी फवारणीच्या ब्लोअरच्या टाकीत औषध ओतणार आहे, त्याने त्या लेखात ही जाहिरात लावू नये. सेवा म्हणून साडेतीन तारे, माझ्या कामासाठी एक.

माझं काम म्हणजे दिंडोरी आणि निफाड तालुक्यांत द्राक्षबागा फिरणं. फी एकरी, हंगामाची. ब्लॉग सुरू केला तो फोन कमी व्हावेत म्हणून. गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली की तेच ते प्रश्न: पोंग्यात, म्हणजे कोंब फुटताना, डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी काय मारू, जीएचं डिपिंग, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संजीवकात घड बुडवणं, कधी, थिनिंगला (घडातले मणी विरळ करायला) मजूर नाहीत तर काय करू. लिहून ठेवलं की लिंक पाठवायची, काम झालं. वाचक वाढले तसे ओळखीचे लोक म्हणू लागले, "एवढी माणसं वाचतात, जाहिराती लावा की मॅडम, फुकट कशाला लिहिता?" लावल्या.

लावणं सोपं आहे. ॲडसेन्स २००३ पासून चालू आहे, पण मराठी पानांना त्यात जागा मिळाली ती २०१८ मध्ये. अर्ज फुकट. साइट तपासून होते, मग कोडचा एक तुकडा टाकायचा. 'ऑटो ॲड्स' चालू केल्या तर जाहिरात कुठे बसवायची हेही तेच ठरवतात. कमाई १० डॉलरला पोचली की पत्ता खरा आहे का हे पाहायला टपालाने पिन येतो, आणि तो चार महिन्यांत टाकला नाही तर जाहिराती थांबतात. आमच्याकडे पत्ता म्हणजे अमक्याचा मळा, तमकं शिवार. घर नंबर कुठला आलाय! पण पोस्टमनदादांनी फोन करून विचारलं, "ताई, परदेशातलं काहीतरी पाकीट आहे, तुमचंच का?" तेव्हा पत्त्याची धास्ती नको. बँकेची मात्र ठेवा. पैसे बाहेरून येतात, त्यामुळे स्विफ्ट कोड देणारी बँक लागते, पतसंस्थेतलं खातं चालत नाही. आमच्या शाखेत परपज कोड, म्हणजे पैसे कशाबद्दल आले याचा कोड, विचारला, तेव्हा काउंटरवरचे साहेब आणि मी एकमेकांकडे पाहत राहिलो. जाहिरातीच्या उत्पन्नाचा कोड पी१००७ आहे, लिहून घेऊन जा.

पैशांचं म्हणाल तर वाटा वाईट नाही. जाहिरातदाराने गूगलकडे दिलेल्या रुपयातले साधारण ६८ पैसे पान चालवणाऱ्याला मिळतात. पूर्वी क्लिकवर पैसे होते, २०२४ पासून जाहिरात दिसण्यावर आहेत. पण रुपयाच मुळात लहान. वाचक मराठी, भारतातला, मोबाइलवरचा, म्हणजे तिन्ही बाजूंनी दर कमी. १०० डॉलर झाल्याशिवाय रक्कम खात्यात येत नाही, आणि तिथवर पोचायला मला जवळजवळ अख्खा हंगाम लागला. पाच एकरवाला एक नवा बागायतदार जोडला गेला तर याहून जास्त फी मिळते, आणि तो ब्लॉग वाचूनच येतो.

नुसते पैसे कमी असते तरी चाललं असतं. असू दे, डोमेनचा खर्च निघतो म्हणाले असते. माझा नूर बदलला तो एका स्क्रीनशॉटने.

दिवाळीनंतरचा पाऊस. बागा दोडा अवस्थेत, फुलोऱ्याच्या तोंडावर, म्हणजे डाऊनी घडावर आली की माल हातचा गेलाच समजा. एका बागायतदाराने माझ्याच लेखाचा फोटो व्हॉट्सॲपवर धाडला. वर माझं वाक्य: पानाच्या खालच्या अंगाला पांढरी बुरशी दिसली तर थांबू नका. लगेच खाली चौकोन. त्यात टपोरा घड, शेजारी औषधाची बाटली आणि डाऊनीचा खात्रीशीर बंदोबस्त करण्याची हमी. त्याखाली पुन्हा माझा मजकूर, जणू मध्ये काही झालंच नाही. सोबत मेसेज: "ताई, हेच ना तुम्ही सांगितलेलं? दुकानात आहे म्हणे, आणू का?"

कोपऱ्यात जाहिरातीची खूण होती, बारीक. उन्हात उभं राहून, मोरचुदाच्या बोर्डो मिश्रणाने निळ्या झालेल्या अंगठ्याने पान सरकवणाऱ्याला ती दिसावी अशी अपेक्षा करणं म्हणजे थट्टाच. त्याच्या लेखी ते पान माझं, म्हणजे बाटलीही माझी.

बाटली बनावट नव्हती, हे मुद्दाम सांगते. त्यात मॅन्डीप्रोपॅमिड होतं, चांगलं औषध आहे. पण याच भाऊंनी चारच दिवसांपूर्वी डायमेथोमॉर्फ मारलेलं. नावं निराळी, कंपन्या निराळ्या, गट मात्र एकच, बुरशीवर काम करण्याची तऱ्हा तीच. औषध बदललं या समाधानात माणूस तोच घाव पुन्हा घालतो आणि बुरशी त्याला सरावते. हे मी त्याच लेखात दोन परिच्छेद खाली लिहिलं होतं. तिथवर तो पोचलाच नाही, कारण वर उत्तर मिळालं होतं. फोन करून गट बदलायला लावला.

मग मी माझ्या फोनवर तेच पान उघडलं. मला साड्या आणि पर्सनल लोन. इथे मला या सेवेची खरी अडचण कळली. जाहिरात लेख पाहून येते तशी वाचणाऱ्याची आवड पाहूनही येते. आठवडाभर औषधं शोधणाऱ्याला औषधच दिसणार. म्हणजे माझ्या नावाखाली कोणाला काय दिसतंय ते मला रोज पान उघडूनही कळणार नाही. काय काय येऊन गेलं ते पाहून नको ते बंद करायची सोय आहे, ती चांगलीही आहे, पण ऐन हंगामात रात्री बसून जाहिराती निवडत बसू की उद्याच्या बागभेटी लावू?

आमच्या धंद्यात एवढं ताणायचं कारण आहे. २०१० मध्ये युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि माल नाकारला गेला. त्या सालाचं नाव काढलं की जुने निर्यातदार अजून गप्प होतात. म्हणून पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी, आमच्या भाषेत ॲनेक्श्चर फाइव्ह, आम्ही खिशात घेऊन फिरतो. काढणीला किती दिवस उरले, माल एक्सपोर्टचा की लोकलचा, मागचा स्प्रे कोणता, एवढं विचारल्याशिवाय मी औषधाचं नाव घेत नाही. चौकोनातली बाटली यातलं काहीच विचारत नाही. आणि टॉनिकांबद्दल तर बोलायलाच नको. बायोस्टिम्युलंट, म्हणजे हीच टॉनिकं, २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आले, तरी 'फुगवण दुप्पट' म्हणणारे काही थांबलेले नाहीत.

उपाय करून पाहिले. विभागवार जाहिराती अडवता येतात, ज्योतिष, झटपट श्रीमंती असली प्रकरणं तर एका बटणावर जातात, ते मी पहिल्याच दिवशी केलं होतं. शेतीच्या जाहिराती अडवल्या तर बोली लावणारे कमी होतात, दर आणखी पडतो, उरतात ते गेम आणि कर्ज. डाऊनीने घाबरलेल्या माणसासमोर कर्जाची जाहिरात! त्यापेक्षा औषधाची बरी म्हणायची वेळ आली.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही सेटिंगने बदलत नाही. माझी पानं केव्हा वाचली जातात? अवकाळी झाला की. इतर वेळी आलेख सपाट, आणि रात्री गारा पडल्या की सकाळी सरळ वर. सकाळी खातं उघडून कालची कमाई पाहिली तर ती बागायतदाराच्या वाईट दिवसाची कमाई असते. हे ॲडसेन्सचं पाप नाही, पण मला ते पचेना.

याच सुमारास एका कंपनीचा माणूसही येऊन गेला. हंगामभर वरती त्यांचा बॅनर, रक्कम ॲडसेन्सच्या कितीतरी पट. वर हसत हसत, "एखाद्या लेखात सहज उल्लेख आला तर बघा." चहा पाजला आणि पाठवलं. निदान तिथे जाहिरात कोणाची हे तरी मला माहीत असतं, हा त्याचा एक गुण. पण उद्या त्याच कंपनीचं औषध एखाद्या प्लॉटवर चाललं नाही तर मी ते लिहीन का, हा प्रश्न मला कोणी विचारायला नको.

आता फवारणी, रोग, संजीवकं या सगळ्या पानांवरून जाहिराती काढल्या आहेत. ऑटो ॲड्समध्ये ठरावीक पानं वगळता येतात, त्याला पाच मिनिटं लागतात. त्या जागी शेवटी दोन ओळी आहेत: माझी एकरी फी आणि भेटीची वेळ. बेदाणा, मांडवाची तार, छाटणीच्या कात्र्या, जुन्या वाणांच्या गोष्टी, इथे जाहिराती राहू दिल्यात. तिथे चुकीची बाटली दिसून कोणाचा घड जात नाही.

पाककृती, प्रवास, शाळेचा अभ्यास असं लिहिणाऱ्यांनी खुशाल लावा, फक्त स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः टिचकी मारू नका आणि घरच्यांनाही मारू देऊ नका, खातं जातं. डॉक्टर, पशुवैद्य, आमच्यासारखे सल्लागार यांनी निदान सल्ल्याची पानं वगळा. आणि कंटाळून खातंच बंद करणार असाल तर शिल्लक १० डॉलरच्या वर असताना करा, त्याखालची रक्कम मिळत नाही.