चुंबक चिकटला म्हणून विश्वास ठेवला

दिवाळीच्या दहा दिवस आधी मी ११,५०० रुपये मोजून डाय-कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचं मॉडेल म्हणून एक प्लास्टिकचं विमान घरी आणलं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाच्या मिग-२१ या लढाऊ विमानाची शेवटची सलामी होऊन ते निवृत्त झालं, तेव्हापासून माझ्या ओळखीतलेच तिघे-चौघे त्याचं मॉडेल शोधायला लागलेत. आयुष्यात पहिल्यांदाच मॉडेल घेणारी ही मंडळी आहेत, आणि मला फसवलेल्या माणसाला नेमकं असंच गिऱ्हाईक हवं असतं. म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहितोय.

मला मॉडेल हवं होतं ते आप्पांसाठी. आप्पा म्हणजे माझे सख्खे काका, वय अठ्ठ्याहत्तर. हवाई दलात ते तंत्रज्ञ होते आणि १९७१ च्या युद्धात मिग-२१ एफएलवर काम करत होते. या प्रकाराला हवाई दलात टाइप ७७ म्हणतात. आप्पा नुसतं ‘सत्याहत्तर’ म्हणतात. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) कारखान्यात तयार झालेली ही विमानं. पाडव्याला त्यांच्या हातात सत्याहत्तर ठेवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

एका ओळखीच्याकडून विकणाऱ्याचा नंबर मिळाला. फोनवर गोड बोलला. ‘१:७२ आहे, पूर्ण मेटल, १९७१ चं एफएल, मोजकेच पीस निघालेत, सोबत नंबर घातलेलं कार्ड आहे.’ १:७२ म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं. फोटो पाठवले ते खरोखर सुंदर होते. पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने येतोय, सोलापूर स्टेशनवरच घ्या, पुढे हैदराबादला जायचंय म्हणाला. आता कळतं की ही घाईसुद्धा ठरवून केलेली होती.

रात्रीची वेळ, स्टेशनबाहेरचा पिवळा उजेड. त्याने खोका काढला, पुढून पारदर्शक, चारी बाजूंनी टेप. मी उघडायला गेलो तर म्हणाला, ‘हात नका लावू साहेब, बोटांचे डाग पडले की किंमत उतरते.’ मग खिशातून छोटा चुंबक काढला, स्वतःच एका बाजूची टेप सोडवली आणि विमानाच्या पोटाला चुंबक लावला. टक्कन चिकटला. ‘बघा, मेटल.’ मी तिथल्या तिथे फोनवरून पैसे पाठवले.

इथे थांबून एक गोष्ट नीट सांगतो, कारण सगळा डाव यावरच उभा होता. डाय-कास्ट मॉडेल लोखंडाचं नसतं. ते जस्ताच्या मिश्रधातूचं असतं. जस्तात थोडं अॅल्युमिनियम, किंचित मॅग्नेशियम, कधी तांबं घालतात आणि तो रस दाबाने साच्यात भरतात. या मिश्रधातूला चुंबक ओढत नाही. खऱ्या मॉडेलच्या आत पोलादी स्क्रू असला तर तेवढ्या जागी थोडी ओढ जाणवेल, पण अंगाला चुंबक घट्ट बसणार नाही. म्हणजे त्याने मला जो पुरावा दाखवला, तोच त्याच्या खोटेपणाचा पुरावा होता.

पाडव्याला जुळे सोलापुरात आप्पांकडे गेलो. ओवाळणं झाल्यावर खोका पुढे ठेवला. त्यांनी चष्मा चढवला, विमान हातात घेऊन आडवं धरलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग कॉकपिटपासून शेपटीपर्यंत अंगठा फिरवत म्हणाले, ‘अरे, ही पाठ सत्याहत्तरची नाही. एवढा जाड कणा बिसला असतो.’ एफएलची पाठ सडपातळ. पुढे आलेल्या मिग-२१ बिसला, म्हणजे टाइप ७५ ला, पाठीवर फुगीर कणा आहे. फोटो शेजारी ठेवले तर कुणालाही दिसेल इतका फरक आहे, पण मी फोटो शेजारी ठेवलेच नव्हते. मला वाईट वाटू नये म्हणून आप्पा पुढे म्हणाले, ‘राहू दे, छान आहे.’ ते ऐकून मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात पट्टी घेऊन बसलो. मिग-२१ च्या पंखांची रुंदी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, साधारण ७.१५ मीटर. तिला ७२ ने भागा, ९.९ सेंटिमीटर येतात. माझ्या मॉडेलची भरली ७.१. म्हणजे ते १:१०० चं होतं. लांबी मोजण्याच्या भानगडीत पडू नका. नाकावरची सळई धरायची की सोडायची यावरून घोळ होतो. पंखच मोजा. मोजायला अर्धा मिनिट लागतो, आणि स्टेशनवर तेवढं केलं असतं तरी पैसे वाचले असते.

मग रंग पाहिला. आमचं चादरींचं दुकान आहे. जॅकार्ड मागावर विणलेली नक्षी आणि वरून छापलेली नक्षी यातला फरक मी गिऱ्हाइकाला चादर उलटी करून रोज दाखवतो. मॉडेलवरही तसंच काहीसं असतं. चांगल्या मॉडेलवर खुणा आणि आकडे पॅड प्रिंटिंगने, म्हणजे मऊ सिलिकॉनच्या ठशाने थेट रंगावर उमटवलेले असतात. तिरक्या उजेडात धरलं तरी त्यांना कड दिसत नाही. माझ्या विमानावरच्या तिरंगी वर्तुळाची कड नखाला लागली आणि स्टिकर अख्खा सुटून आला. वर्तुळ उलटंही होतं. हवाई दलाच्या खुणेत बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा असतो. इथे हिरवा बाहेर होता. खाली कुठल्या तरी दुसऱ्याच देशाची खूण खरवडून काढलेली दिसत होती.

पोटावरच्या स्टिकरखाली दोन स्क्रू सापडले. उघडलं तर आत डिंकाने चिकटवलेली लोखंडी पट्टी. सराफी करणाऱ्या मित्राच्या काट्यावर विमान ११८ ग्रॅम भरलं, त्यात पट्टीच ७४. पंख बोटाने दाबले की लवत होते. धातूचा पंख लवत नाही, आणि हाताला आधी गार लागतो.

खऱ्या मॉडेललाही प्लास्टिकचे भाग असतातच हेही सांगितलं पाहिजे. चाकं, क्षेपणास्त्रं, नाकावरची सळई हे बहुतेक प्लास्टिकचंच असतं, त्यावरून कुणाला खोटं ठरवू नका. धड आणि पंख धातूचे हवेत, आणि धातू-प्लास्टिकचा सांधा बसतो तिथे मोठी फट नको. मागवून घेणार असाल तर आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी आणि पंखाखाली पट्टी ठेवून फोटो मागा. मला आलेले फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी अस्सल मॉडेलचे होते. नंबराच्या कार्डावर तर अजिबात जाऊ नका. तसं कार्ड कुठल्याही छापखान्यात छापून मिळतं.

विकणाऱ्याला फोन केला तेव्हा ‘कलेक्शनचा माल परत होत नाही’ म्हणाला आणि नंबर ब्लॉक केला. मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यातही लेखी अर्ज दिला. पैसे अजून आलेले नाहीत. तिथल्या हवालदारांनी सांगितलं की व्यवहाराचा नंबर, त्याच्याशी झालेलं सगळं बोलणं आणि खोकासुद्धा जपून ठेवा, आणि अशी तक्रार करायची तर पैसे गेल्या गेल्या करायची. मी पाडव्यापर्यंत खोका उघडलाच नव्हता, त्यात दहा-बारा दिवस गेले.

पुणे-सोलापूर-हैदराबाद या वाटेवर स्टेशनात भेटून, चुंबक लावून कुणी विमान विकलं असेल तर तुम्हीही तक्रार नोंदवा. आणि तो अजून समोर उभा असेल, तर त्याला चुंबक पंखाच्या टोकाला लावायला सांगा.