परदेशी मदतीचा हिशेब ओईसीडीच्या वहीतून काढताना

गरीब देशांना किती परदेशी मदत मिळते आणि तिने त्यांची अर्थव्यवस्था हलते का, हे तपासायला बसलेल्याला शेवटी ओईसीडीच्या, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या, दारात जावेच लागते. डेटा एक्सप्लोरर ही त्यांची सेवा मोफत आहे. जुने ओईसीडी डॉट स्टॅट 2024 मध्ये बंद झाले, त्यामुळे जुन्या अहवालांतले दुवे आता कामाचे नाहीत. आतला माल मात्र तोच आहे. डॅक, म्हणजे विकास साहाय्य समितीकडे, देणगीदारांनी भरून दिलेला हा हिशेब. इतका जुना आणि इतका तपशीलवार दुसरा कुठे मिळत नाही. फक्त ही वही देणाऱ्याने लिहिली आहे, हे विसरले की पुढचे सगळे गणित फसते.

आधी तक्ता ठरवा. देणगीदाराचे एकूण आकडे डॅक 1 मध्ये, कोणी कोणाला किती दिले ते डॅक 2ए मध्ये आणि प्रकल्पागणिक नोंदी सीआरएसमध्ये आहेत. मलावीला दरवर्षी एकूण किती मिळाले, एवढेच हवे असेल तर 2ए पुरतो. त्याहून सोपे म्हणजे जागतिक बँकेच्या निर्देशांकांतून घ्यावे. तिथे हेच आकडे आधीच राष्ट्रीय उत्पन्नाच्या टक्केवारीत मिळतात. शाळांसाठी किती आणि दवाखान्यांसाठी किती, हे विचारायचे असेल तेव्हाच सीआरएस उघडा. त्यातले प्रत्यक्ष वितरणाचे आकडे साधारण 2002 पासूनच भरवशाचे आहेत. त्याआधीच्या काळासाठी मंजूर रकमांवर भागवावे लागते, आणि मंजूर झालेला पैसा अनेक वर्षांत हप्त्याहप्त्याने सुटतो. एकाच आलेखात अर्धी मंजुरी आणि अर्धे वितरण घातले की 2002 च्या आसपास एक खोटा खड्डा नाहीतर उंचवटा दिसतो.

डाउनलोड केल्यावर पहिली चूक बेरजेत होते. एक्सप्लोररच्या फाइलमध्ये तपशील आणि बेरजा एकाच रकान्यात येतात. 12220 हा प्राथमिक आरोग्यसेवेचा कोड, 122 हा त्याच्या गटाचा, 120 हा साऱ्या आरोग्याचा. पूर्ण रकान्याची बेरीज केली तर तोच डॉलर तीनदा मोजला जातो. देणगीदारांच्या रकान्यातही ‘डॅक देश एकूण’ अशा ओळी असतात, त्या आधी काढून टाका. सगळ्या वर्षांची एकगठ्ठा फाइल एक्सेलमध्ये उघडू नका. तिथे 10,48,576 ओळींनंतर फाइल कापली जाते, आणि सूचना न वाचता पुढे गेले की देशच्या देश गायब. पायथन किंवा आर वापरा. आकडे दशलक्ष डॉलरमध्ये असतात. काळाची तुलना करायची तर स्थिर किमती निवडा, कारण त्यांत महागाईबरोबर विनिमय दरही सांभाळलेला असतो. येन घसरला की चालू डॉलरमध्ये जपानची मदत आकसलेली दिसते, तिथे टोकियोने हात आखडता घेतला असेलच असे नाही.

ओडीए, म्हणजे अधिकृत विकास साहाय्य, याची व्याख्या हा खरा अवघड भाग. 2018 च्या आकड्यांपासून ठळक आकडा ‘अनुदान-समतुल्य’ पद्धतीने काढतात. 10 कोटी डॉलरच्या कर्जात अनुदानाचा अंश, म्हणजे सवलतीमुळे फुकट मिळाल्यासारखा भाग, 60 टक्के असेल तर ठळक आकड्यात 6 कोटी धरतात. 2ए मध्ये मात्र जुनीच रोख पद्धत चालते: वितरणाच्या वर्षी पूर्ण 10 कोटी, मग मुद्दलाचा प्रत्येक हप्ता वजा. व्याज वजा होत नाही. म्हणून बातमीतला आकडा आणि देशवार बेरीज कधीच जुळत नाहीत. चीनला मिळालेली निव्वळ मदत उणे दिसते तीही याच हिशेबाने. अल्प उत्पन्न देशांसाठी हा अंश किमान 45 टक्के हवा आणि तो काढताना वटावाचा दर 9 टक्के धरतात. हा दर देणाऱ्याला फारच सोयीचा आहे, हे सांगायला हवे.

कर्जमाफीने तर कित्येकांचे आलेख बिघडवले आहेत. पॅरिस क्लब या कर्ज देणाऱ्या देशांच्या गटाने 2005 मध्ये नायजेरियाचे सुमारे 18 अब्ज डॉलरचे कर्ज सोडले. तक्त्यात 2005 आणि 2006 या वर्षांत मदतीचा डोंगर दिसतो, पण राजधानी अबुजात तेवढी नवी रोकड आलीच नव्हती. मदत आणि वाढ यांचा संबंध शोधताना 600 ने सुरू होणारे कर्जमाफीचे कोड बाजूला ठेवून एकदा मोजून पाहा. निर्वासितांचा खर्च (93010) वेगळ्या जागी खटकतो. देणगीदार देशात पोचलेल्या निर्वासितावरचा पहिल्या बारा महिन्यांचा खर्च ओडीएत धरतात, पण तो कोणत्याही गरीब देशाच्या नावावर पडत नाही. घेणाऱ्याच्या रकान्यात ‘अनिर्दिष्ट’ येते. 2022 मध्ये युक्रेन युद्धानंतर एकूण मदत फुगली ती बऱ्याच अंशी याच ओळीने.

मदतीचे टक्के ज्या राष्ट्रीय उत्पन्नाने भागून काढतात त्या भाजकाकडेही बघा. घानाने 2010 मध्ये उत्पन्नाची मालिका नव्या आधारावर मोजली आणि अर्थव्यवस्था सुमारे 60 टक्क्यांनी मोठी ठरली. मदतीचे टक्के घसरले, पण मदत तेवढीच होती. जागतिक बँकेच्या फाइलमध्ये मालिका कुठे जोडली आहे ते देशागणिक पाहावे लागते.

वेळापत्रक संथ आहे. एप्रिलमध्ये आदल्या वर्षाचे प्राथमिक एकूण आकडे येतात, प्रकल्पवार तपशील वर्षअखेरच्या सुमारास. चालू वर्षी काय चालले आहे ते हवे असेल तर आयएटीआय या मदत-पारदर्शकतेच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या नोंदी पाहा. त्या ताज्या असतात, पण प्रत्येक संस्था आपापल्या परीने भरते, त्यामुळे एकच पैसा देणाऱ्याच्या आणि राबवणाऱ्याच्या अशा दोन्ही नोंदींत सापडतो.

चीन डॅकला हिशेब देतच नाही. त्यासाठी अमेरिकेतल्या विल्यम अँड मेरी विद्यापीठातल्या एडडेटाचा संच वापरतात. त्याच्या 3.0 आवृत्तीत 2000 ते 2021 या काळातले सुमारे 1.34 लाख कोटी डॉलर नोंदवले आहेत. यातले बरेचसे बाजारभावाच्या जवळपासचे कर्ज आहे, शिवाय रकमा बहुतांशी मंजुरीच्या आहेत. तेव्हा ते ओडीएत मिळवू नका, शेजारच्या रकान्यात वेगळे ठेवा.