आठ महिने स्लाइड करून शिकवल्यावर: इम्प्रेस आणि पॉवरपॉइंटचा अनुभव

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी समाजविज्ञान शिकवते. ऑगस्टमध्ये वर्गात प्रोजेक्टर बसला आणि तेव्हापासून मार्चअखेरपर्यंत आठवड्याला एक-दोन तास मी स्लाइडवर घेतले. घरच्या लॅपटॉपवर लिबरऑफिस इम्प्रेस हे स्लाइड करण्याचं सॉफ्टवेअर आहे, ते फुकट मिळतं. शाळेच्या कॉम्प्युटरवर त्याच कामाचं मायक्रोसॉफ्टचं पॉवरपॉइंट आहे. त्यामुळे दोन्ही हाताखालून गेली. आपल्या भागातल्या ज्या शिक्षकांना आता सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

नवी स्लाइड घेणं, फोटो टाकणं, एफ ५ दाबून शो सुरू करणं, हे एका दुपारी येतं. शिकवणी लावायची गरज नाही. दोन्हीकडे कंट्रोल आणि एम दाबलं की नवी स्लाइड येते, शिफ्ट आणि एफ ५ दाबलं की समोर आहे त्याच स्लाइडपासून शो सुरू होतो. खरी अडचण आपल्याला येते ती अक्षरांची, आणि इंग्रजीतून शिकवणाऱ्या कुठल्याही व्हिडिओत ती सांगितलेली नसते.

सप्टेंबरमध्ये एका कार्यशाळेत मला माझ्या धड्याच्या स्लाइड दाखवायच्या होत्या. घरी दोन रात्री बसून त्या केल्या होत्या. मराठी मजकूर मी जुन्या डीटीपी (छपाईच्या) पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केला होता, कारण वर्षानुवर्षं प्रश्नपत्रिका त्याच फॉन्टमध्ये करत आले होते. पेनड्राइव्ह तिथल्या लॅपटॉपला लावला, फाइल उघडली, आणि पडद्यावर ‘मलप्रभा’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम उमटले. एकही स्लाइड वाचता येईना. मी फळ्यावर खडूने धडा घेतला. मुद्दे पाठ होते म्हणून निभावलं, पण त्या दोन रात्री वाया गेल्याचं फार वाईट वाटलं.

कारण नंतर कळलं. त्या जुन्या फॉन्टमध्ये ‘म’ हा खरा ‘म’ नसतोच. आत इंग्रजी अक्षराचाच कोड असतो, फॉन्ट फक्त त्यावर मराठी आकार चढवतो. फॉन्ट नसला की आकार उतरतो आणि आतलं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत ‘म’चा कोड मराठी ‘म’चाच असतो. फॉन्ट बदलला तरी फार तर वळण बदलेल, पण अक्षर राहतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की स्लाइड शिकण्याआधी युनिकोडमध्ये टाइप करायला शिका. मी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे भारतीय भाषांसाठीची कळांची मांडणी, शिकले. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. तीन आठवडे बोटं अडखळली, नंतर बसलं. आपल्याकडे याचा आणखी एक फायदा आहे. कन्नड इन्स्क्रिप्टची मांडणीही त्याच धर्तीची आहे, ‘क’ जिथे तिथेच ‘क’. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीला कन्नडमधून स्लाइड लागतात, तेव्हा मी भाषा बदलते आणि त्याच बोटांनी टाइप करते. आमचे कन्नडचे सर नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर वापरतात, तेही युनिकोड निवडून टाइप करायला लागले आहेत, त्यामुळे त्यांचा मजकूर माझ्या फाइलमध्ये थेट उतरतो. विंडोजवरच्या निर्मला यूआय या फॉन्टमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत. दोन भाषांच्या स्लाइडला मी तोच ठेवते, म्हणजे ओळी एकमेकींशी विसंगत दिसत नाहीत.

इम्प्रेसमध्ये मराठी लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सेटिंगमध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करावं लागतं. त्यानंतर अक्षरांच्या खिडकीत इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि मराठीचा वेगळा दिसतो, आकारही वेगळा. एकच बदलला तर ओळीतला इंग्रजी शब्द लहान आणि मराठी मोठं, असं होतं. मी हे दोन्ही मास्टर स्लाइडमध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइडचा साचा असतो त्यात, एकदाच ठरवून टाकलं.

मास्टर स्लाइड हा सगळ्यात उपयोगी भाग आहे, आणि नवशिके नेमका तोच सोडून देतात. प्रत्येक स्लाइडवर जाऊन शीर्षकाचा रंग बदलत बसण्यापेक्षा मास्टरमध्ये एकदा बदला, सगळीकडे बदलतो. माझ्या मास्टरमध्ये पांढरी पार्श्वभूमी, गडद निळं शीर्षक, काळा मजकूर, आणि अक्षर किमान २८चं. आमच्या वर्गाला पडदे नाहीत, दुपारचं ऊन थेट आत येतं. पिवळं आणि फिकं हिरवं मागच्या बाकावरून दिसतच नाही, हे मी स्वतः मागच्या बाकावर बसून पाहिलं. ते पाहिल्याशिवाय रंग ठरवू नका.

आता ज्या धड्यामुळे मला या साधनाबद्दल आपुलकी वाटली, त्याबद्दल. मलप्रभा आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थच्या धरणात अडते आणि सुमारे ३०४ किलोमीटर वाहून कुडलसंगमला कृष्णेला मिळते. हे मी पूर्वी फळ्यावर वाकडी रेघ काढून सांगायचे. यावेळी नकाशाच्या चित्रावर वक्ररेषेच्या साधनाने नदी काढली, जाड निळी. मग तिला ‘वाइप’ ॲनिमेशन दिलं, म्हणजे चित्र एका बाजूने हळूहळू उघडत जातं, दिशा डावीकडून, वेळ पाच सेकंद. बटण दाबलं की नदी कणकुंबीपासून हळूहळू पूर्वेकडे सरकत जाते.

वर्ग गप्प झाला. मग जांबोटीकडून येणारा एक मुलगा म्हणाला, “टीचर, आमच्याकडनं घाट उतरला की गोवा. मग ही नदी तिकडं का जायनाय?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच स्लाइडवर दुसरी रेघ काढली, म्हादईची. तीही आमच्याच तालुक्यात भीमगडच्या रानात उगम पावते, पण पश्चिमेला गोव्यात उतरते आणि पुढे मांडवी होऊन पणजीपाशी समुद्राला मिळते. तिला वाइप उजवीकडून दिलं आणि ‘आधीच्याबरोबर’ सुरू होईल असं ठेवलं. एका क्लिकवर एकाच डोंगररांगेतून एक नदी उजवीकडे निघाली, एक डावीकडे. जलविभाजक, म्हणजे दोन नद्यांचं पाणी दोन दिशांना वळवणारा उंच भाग, हा शब्द मला समजावून सांगावा लागला नाही, मुलांनी मधल्या डोंगरावर बोट ठेवलं.

बाकी ॲनिमेशन मी सगळी काढून टाकली. सुरुवातीला अक्षरं गरगर फिरत यायची, मुलं फिरणं बघायची आणि वाचायची नाहीत. हलवण्याजोगी गोष्ट असेल तरच हलवावी, असं मी ठरवलं आहे.

मजकूरही कमी केला. बी.एड.च्या वेळी आम्ही पारदर्शक कागदावर स्केचपेनने लिहून ओएचपीवर (ओव्हरहेड प्रोजेक्टरवर) ठेवायचो. १९८७ साली पॉवरपॉइंट मॅकवर आलं तेव्हा ते अशाच पारदर्शिका तयार करण्यासाठी होतं, हे वाचल्यावर मला ते जवळचं वाटलं. त्या कागदावर जागाच कमी असायची, म्हणून चार ओळींत भागवायची सवय होती. ती सवय इथेही कामाला आली. जे बोलायचं ते खालच्या नोट्समध्ये लिहिते, स्लाइडवर नाही. विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडलं की नोट्स माझ्या लॅपटॉपवर दिसतात आणि पडद्यावर फक्त चित्र. प्रश्नोत्तरं सुरू झाली की बी दाबते, पडदा काळा होतो आणि मुलांची तोंडं माझ्याकडे वळतात.

उणिवा आहेत. इम्प्रेसमध्ये केलेली फाइल पॉवरपॉइंटमध्ये उघडली की मराठीच्या लांब ओळी पुढे-मागे सरकतात, उलटही होतं. म्हणून मी शेवटची फाइल नेहमी शाळेच्या कॉम्प्युटरवर तपासते, आणि सोबत पीडीएफ ठेवते. पीडीएफमध्ये नदी वाहत नाही, पण अक्षर हलत नाही. मोबाइलचे फोटो चार-पाच एमबीचे असतात, ते तसेच टाकले की फाइल जड होते. पॉवरपॉइंटमध्ये चित्र कॉम्प्रेस करण्याची सोय आहे, इम्प्रेसमध्ये सादरीकरण लहान करण्याची. प्रोजेक्टर जुना चौकोनी, ४:३चा असेल तर स्लाइडचा आकार पहिल्याच दिवशी तसा घ्या, काम झाल्यावर बदललं की नकाशे चेपतात किंवा कापले जातात. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, लॅपटॉपची बॅटरी चालते पण प्रोजेक्टर बंद पडतो, त्यासाठी फळ्याची तयारी ठेवावीच लागते.

कुठलं घ्यावं? शाळेत पॉवरपॉइंट असेल तर तेच वापरा. विकत घ्यायची वेळ येत असेल तर घेऊ नका, इम्प्रेसमध्ये वरचं सगळं होतं. गूगल स्लाइड्स चांगलं आहे, मराठी फॉन्टही छान आहेत, पण आमच्या रानाकडच्या गावांत नेट टिकत नाही, म्हणून मी त्याच्या नादाला लागले नाही.

मार्चमध्ये नववीच्या चार मुलींनी गोकाकच्या धबधब्यावर स्वतः स्लाइड केल्या. टाइप करायला त्यांना माझ्याहून कमी दिवस लागले. जूनमध्ये नवा वर्ग आला की पहिले दोन तास फक्त इन्स्क्रिप्टचे ठेवणार आहे, आणि शिकवणार त्या चौघीच.