इन्स्टाग्रामचं 'ट्रायल रील': व्ह्यूज वाढवण्यापेक्षा सुरुवात तपासण्यासाठी वापरा

इन्स्टाग्रामने डिसेंबर २०२४ मध्ये आणलेलं ट्रायल रील हे रीच (म्हणजे रील किती जणांपर्यंत पोचते तो आकडा) वाढवू पाहणाऱ्यांसाठी फार कामाचं फीचर आहे, फक्त ते कशासाठी वापरायचं हे नीट कळायला हवं. ही रील आधी तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांनाच दाखवली जाते. प्रोफाइलच्या ग्रिडवर ती येत नाही, फॉलोअर्सच्या फीडमध्येही जात नाही. त्यामुळे अनोळखी माणूस थांबतो की अंगठा पुढे सरकवतो, हे स्वच्छ कळतं.

प्रोफेशनल (क्रिएटर किंवा बिझनेस) अकाउंट लागतं. फीचर आलं तेव्हा किमान १,००० फॉलोअर्सची अटही होती. रील नेहमीसारखी तयार करायची, शेअर करण्याआधीच्या स्क्रीनवर 'ट्रायल' चालू करायचं, झालं. आकडे साधारण २४ तासांनी वाचण्याजोगे होतात. दोन तासांत व्ह्यूज कमी दिसले म्हणून रील डिलीट करणं ही यातली सगळ्यात वाया घालवणारी सवय.

खरी किंमत आहे ती पहिल्या तीन सेकंदांची चाचणी घेण्यात. गळका नळ दुरुस्त करण्याची रील घ्या. एका आवृत्तीत 'नमस्कार, आज आपण पाहणार आहोत...' अशी सुरुवात, दुसरीत थेट टपटपणाऱ्या नळाचा क्लोज-अप आणि 'फक्त वॉशर बदला'. बाकी व्हिडिओ, ऑडिओ, कॅप्शन तेच. इनसाइट्समधला (ॲपमधल्या आकडेवारीच्या पानावरचा) रिटेन्शनचा आलेख, म्हणजे कोणत्या सेकंदापर्यंत किती प्रेक्षक टिकले तो, पाहिलात की पहिलीची रेघ नमस्कारातच कोसळलेली दिसण्याची शक्यता जास्त. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. सुरुवात, गाणं आणि कव्हर तिन्ही बदलले तर फरक कशामुळे पडला ते कधीच कळणार नाही.

आकडे वाचताना व्ह्यूजवर भाळू नका. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलेले तीन मुख्य निकष म्हणजे वॉच टाइम, रीचच्या तुलनेत लाइक्स आणि रीचच्या तुलनेत सेंड्स (रील किती वेळा दुसऱ्याला मेसेजमध्ये पाठवली गेली). त्यातले सेंड्स अनोळखी प्रेक्षकांपर्यंत पोचायला जास्त उपयोगी. म्हणून भागाकार करा. समजा पहिल्या रीलला रीच ३,००० आणि सेंड्स १५, दुसरीला रीच ८०० आणि सेंड्स १२. म्हणजे दर हजारी ५ विरुद्ध १५. रीच छोटी असली तरी दुसरीच पुढे न्यावी.

उणिवा आहेत. दोन ट्रायल शेजारी ठेवून तुलना करायची चांगली सोय हवी होती. सध्या वहीत किंवा शीटमध्ये आकडे उतरवून घेणं बरं. ट्रायल गुप्तही नसते. कुणी मेसेजमध्ये पाठवली किंवा त्याच ऑडिओच्या पानावर गेलं, तर फॉलोअरलाही ती दिसू शकते. आणि दुसऱ्या ॲपचा वॉटरमार्क असलेली क्लिप टाकलीत तर शिफारशीतच मार बसतो, मग चाचणी कसली?

७२ तासांत रील चांगली चालली तर आपोआप सगळ्यांना शेअर करण्याचा पर्यायही मिळतो. तो बंदच ठेवा. तो व्ह्यूज पाहून ठरवतो, सेंड्सचा भागाकार करत नाही. आणि एकदा सगळ्यांना शेअर झालेली रील परत ट्रायलमध्ये आणता येत नाही.

कार्यक्रमाची तारीख किंवा ऑर्डर बंद होण्याची वेळ कळवणारी रील मात्र ट्रायलला टाकू नका. ती ज्यांना कळायला हवी, त्या फॉलोअर्सनाच दिसणार नाही.